नव्या संचात डीप पर्पल : गिटारवाला बदलला की नक्की काय बदलतं?

वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींत ‘नव्या संचात’ हे दोन शब्द दिसले की आपण आधी कलाकारांची नावं वाचतो आणि मग तारीख-वेळ बघतो. नाटक तेच, संहिता तीच, पण ज्याच्यासाठी पहिल्यांदा तिकीट काढलं होतं तो माणूस आता त्यात नाही. जावं की जाऊ नये, असा प्रश्न पडतो. रॉक बँडच्या चाहत्यांनाही हाच प्रश्न पडतो, फक्त त्यांना तो जास्त छळतो. नाटकाचा निदान प्रयोग तरी समोर असतो. बँडमधला माणूस बदलल्यावर नवा अल्बम यायला वर्ष, दोन वर्षं लागतात, आणि तोवर चाहत्याच्या हातात असतात फक्त जुनी गाणी आणि एक धाकधूक.

ही धाकधूक कशाची असते, आणि माणूस बदलल्यानंतरच्या पहिल्या अल्बमला एवढं महत्त्व का, हे मला डीप पर्पलच्या उदाहरणाने सांगायचंय. एक तर या बँडवर माझं शाळेपासून प्रेम आहे. दुसरं म्हणजे माणसं बदलण्याचा त्यांच्याइतका अनुभव फार थोड्या बँडना असेल. १९६८ साली इंग्लंडमधल्या हर्टफर्डला हा बँड सुरू झाला. १९ जुलै २०२४ ला त्यांचा तेविसावा स्टुडिओ अल्बम आला. मधल्या ५६ वर्षांत नऊ वेगवेगळे संच झाले. चाहते त्यांना ‘मार्क वन’, ‘मार्क टू’ अशा आकड्यांनी ओळखतात आणि अट्टल चाहता कुठलंही गाणं दहा सेकंद ऐकून मार्क सांगतो. या नऊही संचांत असलेला माणूस एकच, ड्रमवादक इयन पेस.

आता मूळ मुद्दा. आपल्याकडे सिनेमाच्या गाण्यात संगीतकार वेगळा, गीतकार वेगळा, वाद्यमेळ बसवणारा वेगळा आणि वाजवणारे वेगळे. व्हायोलिनवाल्यांपैकी एखादा बदलला तर श्रोत्याला पत्ताही लागत नाही, कारण चाल आधीच बांधून झालेली असते. रॉक बँडमध्ये तसं नसतं. जे वाजवतात तेच गाणं बांधतात. डीप पर्पलची तर सुरुवातीपासूनची रीत अशी, की पाच जण एका खोलीत जमतात आणि नुसतं वाजवत बसतात. कुणीतरी एक तुकडा वाजवतो, ड्रम तो उचलतो, ऑर्गन त्याला उत्तर देतो, बास गिटारवाला खालून धरून ठेवतो. त्यातलं जे कानात राहतं त्याचं गाणं होतं. शब्द बहुतेक वेळा मागाहून येतात. म्हणजे गिटारवाला गेला की फक्त एक वाद्य जात नाही, त्या पाच संगीतकारांपैकी एक जातो. आणि उरलेल्या चौघांना ज्याच्याशी बोलायची सवय झालेली असते तो समोर नसतो.

डीप पर्पलच्या ‘स्मोक ऑन द वॉटर’ची सुरुवात रॉक न ऐकणाऱ्यांनाही माहीत असते. गिटारवादक रिची ब्लॅकमोर दोन-दोन तारा एकदम छेडत ती ओळ वाजवतो, आणि थोड्या वेळाने जॉन लॉर्डचा हॅमंड ऑर्गन तिला येऊन मिळतो. लॉर्डने आपला ऑर्गन गिटारसाठी बनवलेल्या मार्शल अँप्लिफायरला जोडला होता. त्यामुळे चर्चऐवजी कारखान्यातून यावा तसा त्याचा आवाज येतो, आणि गिटार कुठे संपली नि ऑर्गन कुठे सुरू झाला हे कळेनासं होतं. हा आवाज एकट्या ब्लॅकमोरचा नाही आणि एकट्या लॉर्डचाही नाही. तो दोघांच्या मधला आहे. म्हणूनच एक जण बदलला की दुसऱ्याचा आवाजही बदलतो. नव्या अल्बमची वाट पाहताना चाहत्याला खरी भीती याची असते, जरी तो तोंडाने ‘नवा गिटारवाला जमेल ना?’ एवढंच विचारत असला तरी.

नवा माणूस दोन प्रकारे येऊ शकतो आणि हा फरक समजला की बाकीचं बरंच समजतं. एक प्रकार बदली कलाकाराचा. दौऱ्याच्या तारखा ठरलेल्या आहेत, तिकिटं विकली गेली आहेत, कुणीतरी उभं राहायला हवं. नोव्हेंबर १९९३ मध्ये ब्लॅकमोर दौरा अर्ध्यावर टाकून निघून गेला तेव्हा हेच झालं. जपानचे कार्यक्रम तोंडावर होते. गिटारवादक जो सॅट्रिआनी धावून आला; त्याने जपान निभावलं, पुढच्या वर्षी युरोपही केला, आणि तो आपल्या स्वतंत्र कामाकडे परत गेला. त्याच्या वाजवण्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पण त्या संचाचा अल्बम नाही. दुसऱ्यासाठी लिहिलेली भूमिका त्याने उत्तम केली, इतकंच.

दुसरा प्रकार भागीदाराचा. नव्या माणसासाठी नवं नाटक लिहिलं जातं आणि लिहायलाही तो बसतो. कोण बदली आणि कोण भागीदार हे मैफिलीत कळत नाही, कारण तिथे जुनीच गाणी जास्त असतात. ते कळतं पहिल्या अल्बममध्ये.

इथे मुंबईचा संबंध येतो, आणि या भागावर मी जरा रेंगाळणार आहे.

सॅट्रिआनीनंतर आला अमेरिकन गिटारवादक स्टीव्ह मॉर्स. ‘डिक्सी ड्रेग्ज’ नावाच्या बँडमध्ये त्याने जॅझ, कंट्री आणि रॉक एकत्र कालवलं होतं, नंतर तो ‘कॅन्सस’मध्येही होता. ब्लॅकमोरशी त्याचं काहीच जुळत नव्हतं. ब्लॅकमोर युरोपीय अभिजात संगीताच्या वळणाने जाणारा, अंधारा, लहरी. मॉर्सचं वाजवणं स्वच्छ, भरगच्च, एकेक सूर मोजून घेतल्यासारखं. नोव्हेंबर १९९४ मध्ये मेक्सिकोतल्या काही कार्यक्रमांत दोन्ही बाजूंनी एकमेकांना जोखलं आणि जमेल असं ठरलं. नव्या अल्बमचं काम सुरू झालं, आणि ते पुरं व्हायच्या आत बँड भारतात आला.

८ एप्रिल १९९५, अंधेरीचं क्रीडा संकुल. माझा मोठा मावसभाऊ त्या गर्दीत होता. कॅसेटच्या जमान्यातला चाहता तो. कुठल्या बाजूला कितवं गाणं हे पाठ, पण बँडमध्ये आता कोण आहे याची बातमी महिनोन्‌महिने उशिरा यायची. दादा अजून सांगतो, ‘स्टेजवर लांब सोनेरी केसांचा एक हसरा माणूस गिटार घेऊन उभा. आम्हाला हसणाऱ्या गिटारवाल्याची सवयच नव्हती रे.’ बहुतेक सगळी गाणी ओळखीची होती. मध्येच एक असं आलं की आजूबाजूला कुणालाच माहीत नाही. ताल अडखळत चालल्यासारखा, गिटार बारीक सुतारकाम केल्यासारखी, आणि त्यावर गायक इयन गिलन गाण्यापेक्षा जास्त गप्पा मारतोय. दादाला वाटलं, हे आपल्याकडून राहून गेलेलं जुनंच गाणं असणार. पुढचे कित्येक महिने तो कॅसेटच्या दुकानांतून ते शोधत फिरला.

ते सापडणारच नव्हतं, कारण ते अजून कुठल्याही कॅसेटवर नव्हतं. त्या रात्री त्याचं नाव ‘केन द मेकॅनिक’ होतं. फेब्रुवारी १९९६ मध्ये ‘पर्पेंडिक्युलर’ हा अल्बम आला तेव्हा पहिलंच गाणं तेच निघालं, फक्त तोवर केनचा टेड झाला होता : ‘वावूम : टेड द मेकॅनिक’. म्हणजे अंधेरीतल्या त्या प्रेक्षकांनी, त्यांना ठाऊक नसताना, बाकी जगाच्या दहा महिने आधी नव्या संचाचं नवं काम ऐकलं होतं. त्या मैफिलीचं ध्वनिमुद्रण पुढे अधिकृतपणे प्रसिद्ध झालं. आजही ते ऐकताना या गाण्यापाशी प्रेक्षकांचा आवाज जरा थबकल्यासारखा मला वाटतो.

त्या ध्वनिमुद्रणाचं नाव ‘बॉम्बे कॉलिंग’. त्यातही एक गंमत आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘इट्स अ ब्युटिफुल डे’ या बँडची ‘बॉम्बे कॉलिंग’ नावाची धून १९६९ साली आली होती. डीप पर्पलने ती उचलली, संथ केली, आणि तिच्यातून ‘चाइल्ड इन टाइम’ची ऑर्गनवरची सुरुवात उभी राहिली. पंचवीस-सव्वीस वर्षांनी ते गाणं खुद्द मुंबईत वाजलं.

मॉर्स भागीदार होता हे ‘पर्पेंडिक्युलर’ने सिद्ध केलं. माझ्या मते त्यात त्याची गिटार ही दुय्यम गोष्ट आहे. ‘समटाइम्स आय फील लाइक स्क्रीमिंग’ ऐकताना मला गिलन जास्त जाणवतो. ब्लॅकमोरशी सतत भांडण चाललेल्या काळात गिलन किंचाळायचा, कारण किंचाळल्याशिवाय त्याला जागाच मिळायची नाही. इथे तो शांतपणे गातो. पेसचा डावखुरा हात इथे सैल पडतो, लॉर्डचा ऑर्गन मागे सरकून गिटारला वाट देतो. नव्या माणसाने जुन्या चौघांना बदललं, हे त्यात ऐकू येतं.

आणि माणूस गेला की काही जुन्या पेट्याही उघडतात. ‘व्हेन अ ब्लाइंड मॅन क्राइज’ हे गाणं १९७१ च्या डिसेंबरमध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोला, ‘मशीन हेड’ या अल्बमच्या वेळीच ध्वनिमुद्रित झालेलं. ब्लॅकमोरला ते आवडत नव्हतं, म्हणून अल्बममध्ये आलं नाही. एका सिंगलच्या, म्हणजे छोट्या तबकडीच्या, मागच्या बाजूला पडून राहिलं. तो गेल्यावर ते मैफिलींत नेमाने होऊ लागलं. अंधेरीतही झालं. आज ते बँडच्या सर्वांत लाडक्या गाण्यांत आहे. ब्लॅकमोरवर माझा जीव आहे, पण त्याच्या जाण्याने हे गाणं परत मिळालं हे मी विसरू शकत नाही.

नेहमीच असं गोड होतं असं मात्र नाही. १९७३ मध्ये गिलन आणि बासवादक रॉजर ग्लोव्हर गेले. त्यांच्या जागी आले ग्लेन ह्यूज आणि डेव्हिड कव्हरडेल. कव्हरडेल तेव्हा २१ वर्षांचा, इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या रेडकार गावात कपड्यांच्या दुकानात नोकरी करणारा. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘बर्न’ आला आणि शंका मिटल्या. पण ही दोघं नुसती गायला आलेली नव्हती. त्यांना सोल आणि फंक या शैलींचं संगीत हवं होतं, आणि त्याच वर्षाच्या अखेरच्या ‘स्टॉर्मब्रिंगर’मध्ये ते आलंही. ब्लॅकमोरला ते अजिबात रुचलं नाही. १९७५ मध्ये तोच बाहेर पडला. नव्यांना खरोखर घरात घेतलं तर घराचे मालक बदलू शकतात. बँडना नव्या माणसाची भीती वाटते ती यासाठी.

आता नावाचं. माणसं बदलत गेली तर ‘डीप पर्पल’ हे नाव कोणाचं? प्रश्न भावनेचा वाटतो, पण तो शेवटी कोर्टात सुटतो. १९७६ मध्ये बँड फुटला होता. १९८० मध्ये पहिल्या संचाचा गायक रॉड एव्हन्स, जो १९६९ मध्येच बाहेर पडला होता, काही अनोळखी वादक घेऊन अमेरिका आणि मेक्सिकोत ‘डीप पर्पल’ म्हणून कार्यक्रम करू लागला. लोक लॉर्ड-ब्लॅकमोर बघायला जायचे आणि स्टेजवर भलतेच. प्रकरण कोर्टात गेलं, ६ लाख ७२ हजार डॉलरची भरपाई बसली, आणि एव्हन्सचं आधीच्या अल्बमांचं मानधनही गेलं. एव्हन्स बँडचा संस्थापक सदस्य होता, तरीही नाव त्याचं ठरलं नाही. नाव एखाद्या संस्थेसारखं चालतं, ते सतत सांभाळणाऱ्यांकडे राहतं. पिंक फ्लॉइडमध्ये १९८५ नंतर रॉजर वॉटर्स आणि डेव्हिड गिल्मर यांच्यात याच प्रश्नावरून कज्जा झाला, आणि १९८७ चा अल्बम वॉटर्सशिवाय त्याच नावाने आला.

कायद्याने मिळालेलं नाव चाहत्याच्या मनात मात्र पुन्हा कमवावं लागतं, आणि ते कमवायची जागा म्हणजे तो पहिला अल्बम. एसी/डीसीचा गायक बॉन स्कॉट १९ फेब्रुवारी १९८० ला वारला आणि २५ जुलैला ब्रायन जॉन्सनच्या आवाजात ‘बॅक इन ब्लॅक’ दुकानांत होता. पाच महिने आणि सहा दिवस. पीटर गेब्रियल गेल्यावर जेनेसिसने बाहेरचे बरेच गायक तपासले आणि शेवटी आपल्याच ड्रमवादकाला, फिल कॉलिन्सला, पुढे उभं केलं. फेब्रुवारी १९७६ च्या अल्बमने तो निर्णय पक्का केला. उलट उदाहरण डीप पर्पलचंच. १९८४ मध्ये ब्लॅकमोर, गिलन यांच्यासह जुना संच पुन्हा एकत्र आला होता. १९८९ मध्ये गिलनला काढून गायक जो लिन टर्नरला घेतलं, १९९० मध्ये एक अल्बम केला, आणि दोन-तीन वर्षांत गिलन परत. टर्नर चांगला गायक आहे, पण त्या अल्बममध्ये पाच जण एकमेकांशी बोलताना मला ऐकू येत नाहीत.

२००२ मध्ये जॉन लॉर्ड निवृत्त झाला तेव्हा मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं होतं. त्याच्या जागी डॉन एअरी आला. आधीच्या वर्षी लॉर्डचा गुडघा दुखावला असताना त्याने काही कार्यक्रम सांभाळले होते, त्यामुळे तो बदलीतून भागीदार झालेला माणूस. २०१२ मध्ये लॉर्ड गेला.

मग २०२२. त्या वर्षीच्या मार्चमध्ये स्टीव्ह मॉर्सने पत्नीच्या आजारपणामुळे रजा घेतली, आणि जुलैमध्ये तो परत येणार नाही हे जाहीर झालं. भांडण नाही, अपमान नाही, घरच्या माणसासाठी थांबणं. अठ्ठावीस वर्षं तो बँडमध्ये होता, ब्लॅकमोरच्या दोन्ही खेपा मिळवल्या त्यापेक्षा कितीतरी जास्त. ज्यांनी बँड नव्वदच्या दशकात ऐकायला सुरुवात केली त्यांच्यासाठी ‘मूळ’ गिटारवाला मॉर्सच. १९९४ मध्ये जी शंका त्याच्याबद्दल होती ती आता सायमन मॅकब्राइडच्या वाट्याला आली.

मॅकब्राइड उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टचा, जन्म १९७९ चा. गिलन, ग्लोव्हर, पेस, एअरी हे चौघेही पंचाहत्तरीच्या आसपासचे किंवा पुढचे, आणि हा त्यांच्यापेक्षा तीस-एक वर्षांनी लहान. मात्र घराला तो नवखा नव्हता. डॉन एअरीच्या स्वतंत्र बँडमध्ये आणि गिलनच्या स्वतंत्र दौऱ्यांतही तो वाजवत आला होता. दोन वर्षं त्याने मैफिलींत ब्लॅकमोर आणि मॉर्सची गाणी वाजवली. या दोन वर्षांतली चाहत्यांची वाट पाहणं म्हणजे माझ्या ओळखीतल्या सगळ्यांचं एकच वाक्य : ‘वाजवतो भारी, पण अल्बम येऊ दे.’

त्यातच मार्च २०२४ मध्ये ‘मशीन हेड’ची नव्याने मिश्रण केलेली आवृत्ती आली. ते मिश्रण ड्वीझिल झॅपाने केलं. डिसेंबर १९७१ मध्ये ज्याच्या मैफिलीत माँत्रोचा कॅसिनो जळाला आणि ज्यावरून ‘स्मोक ऑन द वॉटर’ सुचलं, त्या फ्रँक झॅपाचा हा मुलगा. म्हणजे चाहत्यांच्या कानात १९७२ पुन्हा ताजं झालं आणि जेमतेम महिन्याभरात, एप्रिल संपताना, मॅकब्राइडसह पहिलं नवं गाणं ‘पोर्टेबल डोअर’ आलं. हल्ली अल्बम असेच येतात : आधी एकेक गाणं सोडायचं, नोंदणी घ्यायची, मग पूर्ण अल्बम. चाहत्याच्या दृष्टीने याचा अर्थ एकच, पहिल्या गाण्यावरून तो अख्ख्या अल्बमचं भविष्य मांडतो. मीही मांडलं होतं. गिटार आणि ऑर्गन एकमेकांना चिकटून धावताहेत, लॉर्ड-ब्लॅकमोर करायचे तसे, हे ऐकून आनंदही झाला आणि जरा भीतीही वाटली. ही नक्कल तर नाही?

अल्बमचं नाव एक चिन्ह आणि एक आकडा, ‘=१’. जग कितीही गुंतागुंतीचं झालं तरी शेवटी सगळं एकावर येऊन थांबतं, असा त्यामागचा विचार बँडने सांगितला. निर्माता बॉब एझ्रिन, जो २०१३ च्या ‘नाऊ व्हॉट?!’पासून त्यांच्यासोबत आहे. तेरा गाणी. मॉर्सच्या काळातली नक्षीदार वीण इथे कमी आहे, गिटार सरळ आणि जाड. पण ‘शो मी’मध्ये एअरी आणि मॅकब्राइड एकमेकांना वाक्यं देतात-घेतात तो भाग ऐकून माझी नक्कलेची भीती गेली. नक्कल करणारा माणूस समोरच्याच्या वाक्यावर हसत नाही. हा हसतो. आणि एअरी, वीस वर्षं मॉर्सशी बोलून झालेला एअरी, इथे अधिक आक्रमक वाजवतो.

तुम्ही हा अल्बम, किंवा माणूस बदललेल्या कुठल्याही बँडचा पहिला अल्बम ऐकणार असाल तर एक करून बघा. पहिल्या खेपेला नव्या माणसाकडे लक्षच देऊ नका. जुन्यांपैकी ज्याचं वाजवणं तुम्हाला पाठ आहे त्याला धरा आणि बघा तो नेहमीच्या वाटेने जातोय की कुठे वळतोय. मी पेसला धरतो. दादा रॉजर ग्लोव्हरच्या बासला धरतो.

१९ जुलैच्या रात्री दादाचा फोन आला. शेवटचं ‘ब्लीडिंग ऑब्व्हियस’ त्याने लागोपाठ तीनदा ऐकलं होतं. मी विचारलं, ‘कसा वाटला नवा गिटारवाला?’ तो म्हणाला, ‘थांब रे, अजून त्याच्यापर्यंत पोचलोच नाहीये. ग्लोव्हर काय वाजवतोय ते ऐकलंस का तू?’